मदत हवी आहे: जोरात धावताना स्नायू चरबी कमी का जाळतो?

नमस्कार मंडळी, बीएस्सीच्या मुलांना पेशींचं इंधन शिकवतेय आणि एका जागी अडले आहे.

उपाशीपोटीचं समजतं. फिलिप रँडल यांनी १९६३ मध्ये मांडल्याप्रमाणे हृदय आणि स्नायू मेदाम्लं जाळू लागले की इंधन तुटून तयार होणारं ॲसिटिल-कोए वाढतं, ग्लुकोजला ज्वलनाकडे नेणारं विकर (एन्झाइम) पायरुवेट डीहायड्रोजनेज मंदावतं आणि ग्लुकोज वाचतं. ते तांबड्या पेशींना हवंच असतं, त्यांच्यात मेदाम्लं जाळणारे मायटोकॉन्ड्रियाच नसतात. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, त्याबरोबर मॅलोनिल-कोए (मेदाम्लं बनतानाचा मधला रेणू) वाढतं आणि ते मेदाम्लांना आत जाऊ देणाऱ्या सीपीटी-१ या विकराला रोखतं. मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियाच्या दारातच अडतात. किती नेटकी रचना आहे ही!

घोडं अडतं ते व्यायामाशी. धावताना एएमपी (ऊर्जा खर्च झाल्याची खूण असलेला रेणू) वाढतं, ती खूण ओळखणारं एएमपीके हे विकर जागं होतं, मॅलोनिल-कोए तयार होणं कमी होतं. म्हणजे चरबी जास्त जळायला हवी. मध्यम वेगात तसं होतंही. पण वेग खूप वाढला की चरबीचं ज्वलन उलट घटतं आणि स्नायू ग्लायकोजेनवर (साठवलेल्या ग्लुकोजवर) येतो. मॅलोनिल-कोएची आडकाठी नसताना हे कसं?

वाचनात दोन कारणं आली: मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात नेणाऱ्या कार्निटिनला ॲसिटिल गट चिकटल्यामुळे मोकळं कार्निटिन कमी पडणं आणि चरबीच्या पेशींतून रक्तात मेदाम्लं कमी येणं. मला पहिलं जास्त पटतं, कारण शिरेतून मेद दिला तरी ज्वलन पूर्ण सावरत नाही.

स्नायूंच्या जैवरसायनशास्त्रावर काम करणारं कुणी इथे आहे का? स्नायूतली आम्लता वाढून सीपीटी-१ मंदावतं, या तिसऱ्या कारणाला कितपत वजन द्यावं? आणि हे सगळं फळ्यावर एका आकृतीत कसं बसवाल?