काळ्या मातीत गाडी रुतते, ट्रॅक्शन बोर्ड घ्यावेत का? (मदत हवी आहे)

शिवारवाट

नमस्कार मंडळी. शेत परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या पट्ट्यात. डांबरी सोडली की आखाड्यापर्यंत (शेतातल्या घरापर्यंत) पाणंदच आहे आणि तिच्यावरचा मुरूम कधीच मातीने गिळलाय. गाडी बोलेरो, टू व्हील ड्राइव्ह, टायर कंपनीचेच. वळणापाशी एक सखल तुकडा आहे. दोन दिवस झड लागली की तिथे मागची चाकं निम्म्या रिमपर्यंत बसतात. डावं चाक गरगर फिरतं, उजवं ढिम्म.

आजवर शेजारच्यांचा ट्रॅक्टर आणून टोचन करून काढत आलोय. पण पेरणीच्या दिवसांत कुणाचा ट्रॅक्टर मोकळा असतो? आईबाबा आखाड्यावरच राहतात, दवाखान्याची वेळ काही सांगून येत नाही. दगड घालून झाले, पऱ्हाटी घालून झाली. बारदान टाकलं तर चाकाने ते आत ओढून मागे भिरकावलं.

आता रुतलेल्या चाकाखाली घालायचे ते नारिंगी प्लास्टिकचे ट्रॅक्शन बोर्ड घ्यावेत असं डोक्यात आहे. व्हिडिओत दिसतात ते सगळे वाळूत. आपल्या चिकट मातीत चालतात का? कुठल्या चाकाखाली घालायचे? आणि गावातला वेल्डर लोखंडी जाळीची जोडी बरीच स्वस्तात करून देतो म्हणतोय, ती चालेल का? जाणकारांनी सांगा.

मस्कतकर

मी ओमानमध्ये असतो, सुट्टीला वहिबाच्या वाळवंटात जाणं होतं. तिथला नियम साधा: आधी टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा, मग चाकापुढची वाळू हाताने किंवा फावड्याने ओढा, तरीही नाही निघाली तर बोर्ड. निम्म्या वेळा बोर्ड काढायची गरजच पडत नाही. बोर्डावर चाक फिरू देऊ नका. घासून इतकी उष्णता होते की वरचे दाते वितळून सपाट होतात, मग त्या बोर्डाला काही अर्थ राहत नाही.

अवांतर: ही युक्ती बरीच जुनी आहे. राल्फ बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२०-३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडायचा, तेव्हा लोखंडी पन्हळी चाकाखाली सरकवत पुढे जायचे. १९४० मध्ये त्यानेच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला आणि त्या गाड्यांवरही या पन्हळी असायच्याच. वाळूचं शास्त्रही पुढे त्याच माणसाने लिहिलं.

कापूसकोंड्या

मस्कतकर, वाळूचं सगळं खरं, पण काळी माती ही वेगळी जात आहे हो. आमचं यवतमाळकडे तेच. वाळूत बोर्डाचे दाते टायरला धरतात. इथे टायरच्या खाचांत आधीच चिखल लिंपून बसलेला असतो, टायर गुळगुळीत झालेला असतो. तो बोर्डावर चढतो आणि तिथेच घसरतो. बोर्डाचे दातेही एका फेरीत भरून जातात. लोक मग म्हणतात बोर्ड फालतू आहेत.

दुसरं म्हणजे ही माती ओली झाली की फुगते आणि चाक खालून धरून ठेवते. वर येताना ‘पच्च’ आवाज होतो ना, तेच. ती पकड आधी मोडावी लागते.

शिवारवाट, आम्ही काय करतो सांगतो. गाडी बसल्याचं कळलं की इंजिन बंद. अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहायचा मोह आवरायचा, प्रत्येक फेरीला चाक खाली जातं. मग खोरं घेऊन आधी गाडीच्या पोटाखाली बघायचं. मागचा धुरा मातीवर टेकला असेल तर चाकाखाली काहीही घाला, वजन चाकावर नाहीच. तिथली माती ओढून पोट मोकळं करायचं. नंतर ज्या बाजूला निघायचं त्या बाजूला चाकापुढे उतार कोरायचा, हलका, लांब. उभा खड्डा नको. टायरच्या खाचा काठीने किंवा खुरप्याने खरवडून साफ करायच्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पाणी असेल तर टायर आणि बोर्ड दोन्हींवर बादलीभर मारायचं.

मग बोर्डाचं टोक टायरखाली जाईल तितकं ठोकून घुसवायचं. नुसतं समोर ठेवलं तर चाक त्याला ढकलत नेतं. तुमची ओढ मागच्या चाकांना, म्हणून बोर्ड मागच्याच दोन्ही चाकांना. शक्यतो आलात त्याच चाकोरीने रिव्हर्स निघा, पुढचा चिखल तुम्ही अजून पाहिलेला नाही.

हवेबद्दल माझं मत थोडं वेगळं. १५ वर आणून रस्त्याच्या टायरने वळलात तर टायर रिमवरून सुटू शकतो. २० च्या आसपास ठेवा, आणि गाडीत पंप असेल तरच.

गॅरेजवाला_भाऊ

कापूसकोंड्यांना +१. एक चाक फिरतं, एक थांबतं हा गाडीचा दोष नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरमध्ये) ज्या चाकाला अडथळा कमी तेच फिरत राहतं. बोलेरोचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणून तो दोन-तीन खाचा ओढून अगदी सावकाश क्लच सोडला तर फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडा जोर दुसरीकडे वळतो. दर वेळी जमेल असं नाही, फुकट आहे म्हणून करून बघा. बाहेर पडल्यावर हँडब्रेक सोडायला विसरू नका, ब्रेकचे लायनर जळतील.

लोखंडी जाळीचं म्हणाल तर करू नका. दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्यांसाठी भोकांचे लोखंडी पत्रे वापरत, दहा फूट लांब आणि एकेक तीस किलोचा. ते लष्कराला ठीक. वेल्डर पातळ पट्टीची जाळी देणार, ती गाडीखाली वाकणार, आणि वाकलेलं टोक उसळून डिझेलच्या नळीला किंवा सायलेन्सरला लागणार. कडेला टायरही कापतो. प्लास्टिकचेच घ्या, पण नायलॉनचे. स्वस्तातला ठिसूळ माल खड्ड्यावर आडवा पडला की दीड टनाच्या गाडीखाली मधोमध तडकतो. घेताना हाताने पीळ देऊन पाहा. वाकून परत सरळ झाला पाहिजे.

चाक फारच खोल असेल तर जॅक लावून उचला आणि खाली बोर्ड सरकवा. जॅकखाली रुंद फळी हवी, नाहीतर जॅकच जमिनीत जातो. जॅकवर असताना हात-पाय गाडीखाली घालायचे नाहीत. आणि गाडी निघते त्या वेळी चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणालाही उभं करू नका. चाकाने बोर्ड फेकला तर नडगी मोडते. गावात ढकलायला पोरं नेमकी तिथेच उभी राहतात.

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. पोटाखाली माती टेकलेली असते हे खरं आहे, खाली हात घालून पाहिलं तर पूर्ण बसलेलं. दोन शंका. बोर्ड चिखलात दिसेनासा होतो असं एका ठिकाणी वाचलं, तसं होतं का? आणि पाऊस चालू असताना घरी मी नसेन तर बाबांना हे जमेल का?

मस्कतकर

होतं. गाडी वर चढून पुढे गेली की बोर्ड खाली दाबला जातो आणि शोधत बसावं लागतं. टोकाच्या भोकात दोन-तीन हात लांब भडक रंगाची दोरी बांधून ठेवा आणि ती बाहेर पसरून टाका. तीच ओढून बोर्ड उपटता येतो.

कापूसकोंड्या

बाबांना एकट्याला जमणार नाही. खोऱ्याचं काम आहे, चिखलात उभं राहून. म्हणून बोर्ड घ्याच, पण त्या सखल तुकड्याचं वेगळं बघा. नुसता मुरूम टाकलात तर दोन पावसाळ्यांत माती त्याला खाईल. आधी कडेने चर काढून पाणी बाहेर काढा, मग मोठ्या दगडाचं सोलिंग, वर मुरूम. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली होती, ग्रामपंचायतीत तुमचा रस्ता आराखड्यात आहे का ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत नाव घालायला लावा.

तोवर झड लागली की गाडी डांबरीवरच लावा आणि आखाड्यापर्यंत पायी जा. दवाखान्यासाठी तीच गाडी लागणार ना.

गॅरेजवाला_भाऊ

ट्रॅक्टर मिळाला तर साखळी बंपरला नाही, चेसिसच्या हुकालाच. साखळी ताणून मग हळू ओढायची, झटका नाही. तुटली तर ती जिथे जाईल तिथे माणूस नको.

शिवारवाट

सोलिंगचं शेजारच्यांशी बोलतो, त्यांचीही गाडी तिथेच अडते. बोर्ड कुठे ठेवू, डिकीत?

गॅरेजवाला_भाऊ

कॅरियर असेल तर छतावर, पट्ट्याने बांधून. काम झाल्यावर त्यांच्यावर एवढा चिखल असतो की आत घेतले तर सीट धुवावी लागेल. खोरं मात्र आतच ठेवा, मागच्या सीटखाली. ते आधी लागतं.