हेन्री द लायन कुणामुळे बुडाला: सम्राटामुळे की स्वतःच्या हावेमुळे?

नदीकाठ (धागाकर्ता)

हेन्री द लायनची कथा बहुतेक जण सूडाची म्हणून सांगतात. या जर्मन ड्यूकला पोरवयातच, ११४२ मध्ये, सॅक्सनी मिळाली आणि ११५६ मध्ये बव्हेरियाही. सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा त्याचा आतेभाऊ. ११७६ च्या सुरुवातीला इटलीतल्या कियावेन्नाला सम्राटानं तिथल्या युद्धासाठी सैन्य मागितलं. हेन्रीनं बदल्यात चांदीच्या खाणींचं गोस्लार मागितलं आणि बोलणी फिसकटली. मे महिन्यात सम्राट इटलीतच लेन्यानोच्या लढाईत हरला, आणि ११८० मध्ये त्यानं हेन्रीची दोन्ही ड्यूकपदं काढून घेतली.

मला ही मांडणी पटत नाही. त्याआधी कितीतरी वर्षं सम्राटानं त्याला पाठीशी घातलं होतं. ११६६ नंतर सॅक्सनीतले सरदार आणि माग्देबुर्गचा आर्चबिशप त्याच्यावर उठले, तेव्हा फ्रेडरिकनंच मध्ये पडून त्याला सावरलं. एप्रिल ११८० मध्ये गेल्नहाउजेनला निघालेल्या सनदेनं सॅक्सनीचे तुकडे झाले, पण तिच्यात कियावेन्नाचा उल्लेखही नाही. चर्च आणि सरदारांचे हक्क दडपल्याच्या तक्रारी आहेत, आणि वारंवार बोलावूनही दरबारात हजर न झाल्याचा दोष आहे. शेजाऱ्यांना इतकं छळल्यावर एक दिवस ते एकत्र येणारच.

रानवाट

सनदेवर इतका विश्वास? ती कुणाच्या फायद्याची होती ते बघा. हेन्रीविरुद्ध सर्वांत आघाडीवर असलेल्यांपैकी एक कोलोनचा आर्चबिशप फिलिप. त्याच सनदेनं वेस्टफालिया, म्हणजे सॅक्सनीचा पश्चिम भाग, त्याच्या पदरात पडला. फिर्यादीलाच जप्तीचा माल मिळत असेल, तर त्याला न्याय कसा म्हणायचं? बव्हेरिया गेला विटेल्सबाख घराण्याच्या ऑट्टोकडे, आणि त्या घराण्यानं तो १९१८ पर्यंत सांभाळला.

ज्याला तुम्ही हाव म्हणता त्यातूनच शहरं उभी राहिली, हे विसरू नका. फ्राइजिंगच्या बिशपचा फोरिंगचा पूल हेन्रीनं मोडला, मिठाचा व्यापार आपल्या पुलावर वळवला, तिथे बाजार आणि टांकसाळ काढली. बिशपनं तक्रार केली. ११५८ मध्ये सम्राटानं निवाडा दिला की बाजार राहील, पण जकात आणि टांकसाळीचं एक तृतीयांश उत्पन्न बिशपला द्यायचं. तेच आजचं म्युनिक. त्यानंतर ११५९ मध्ये हेन्रीनं ल्युबेक बंदर नव्यानं वसवलं आणि बाल्टिकचा व्यापार तिकडे ओढला. शेजाऱ्यांचा पोटशूळ इथून सुरू होतो.

पाऊलवाट

शहरांचं कौतुक चाललंय म्हणून सांगते. एल्बे नदीच्या पलीकडच्या स्लाव्ह लोकांचं काय? त्यांच्याविरुद्धच्या ११४७ च्या वेंडिश धर्मयुद्धात हेन्री होता. ११६० मध्ये ओबोट्रिट या स्लाव्ह जमातीचा राजा निक्लोट मारला गेला आणि श्वेरिन हेन्रीच्या हातात आलं. पुढे त्यानंच निक्लोटच्या मुलाला, प्रिबिस्लावला, ११६७ मध्ये बराचसा मुलूख परत दिला, हेही खरं. पण तो मांडलिक म्हणून. बापाची भूमी मुलाला बक्षीस म्हणून मिळाली, ही गोष्ट मला अजून चीड आणते.

उंबरठा

दोघंही दरबार आणि बाजारपेठ धरून बसलात, घर कुणी बघतच नाही. हेन्रीचं निम्मं नशीब लग्नांनी ठरवलं. त्याची आई गेर्ट्रूड ही सम्राट लोथार तिसरा याची एकुलती एक मुलगी. सॅक्सनीवरचा दावा तिकडून आला. पहिली बायको झेरिंगनची क्लेमेन्टिया. ११६२ मध्ये रक्ताच्या नात्याचं निमित्त काढून तिच्याशी काडीमोड घेतला. ११६८ मध्ये मिंडेनला दुसरं लग्न, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची मुलगी माटिल्डा हिच्याशी. नवरी अकरा वर्षांची, नवरा चाळिशीच्या जवळ. ड्यूकपदं गेल्यावर ११८२ मध्ये त्याला आसरा दिला तो याच सासऱ्यानं.

काका वेल्फ सहावा याचं प्रकरणही आठवा. त्याचा मुलगा ११६७ मध्ये गेला होता. हेन्रीला वारसा मिळणार होता, पण ठरलेले पैसे द्यायला तो टाळाटाळ करत राहिला. शेवटी काकानं सगळं बहिणीच्या मुलाला, म्हणजे बार्बरोसाला दिलं. सख्ख्या चुलत्यालाही पैसे देताना हात आखडणारा माणूस हाताखालच्या सरदारांशी कसा वागत असेल?

रानवाट

काकाचा मुद्दा मान्य. पण दरबारात न जाणं हा गुन्हा कसा? समोर बसलेले निम्मे न्यायाधीश त्याचेच वैरी होते.

नदीकाठ

जाण्याचीही गरज नव्हती. ल्युबेकच्या आर्नोल्डच्या इतिवृत्तात आहे: ११७९ मध्ये दोघांची भेट झाली, आणि पाच हजार मार्क दिलेस तर सरदारांशी समेट घडवून आणतो, असं सम्राट म्हणाला. हेन्रीनं ते नाकारलं. दोन ड्यूकपदांच्या मानानं हा सौदा स्वस्त होता.

उंबरठा

आणि मग घराण्याला पुन्हा उभं कुणी केलं? हेन्रीच्या मोठ्या मुलाचं ॲग्नेसशी लग्न मुलीच्या आईनं, इर्मेनगार्डनं, गुपचूप लावलं. ॲग्नेस ही ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट प्रांताची वारस आणि बार्बरोसाच्या सावत्र भावाची मुलगी. नवा सम्राट सहावा हेन्री भडकला, पण लग्न मोडता आलं नाही. ११९४ मध्ये त्यानं म्हाताऱ्या हेन्रीशी समेट केला, आणि पुढच्याच वर्षी पॅलाटिनेट त्या मुलाकडे आलं.