मानोआ की हिलो?

भाचीसाठी हवाईतलं कॉलेज कोणतं निवडू, या तुमच्या प्रश्नावर 'डोळे मिटून मानोआ घ्या, मोठं आहे' असा सल्ला कुणीतरी दिलाय. मानोआ आणि हिलो हे हवाई विद्यापीठाचे दोन कॅम्पस; मानोआ ओआहू बेटावर होनोलुलूत, हिलो दुसऱ्या, हवाई नावाच्याच बेटावर. मला हा सल्ला घाईचा वाटतो. मुलीला सागरविज्ञान शिकायचंय म्हणता, तर पदवीसाठी की पुढे संशोधनासाठी, हे आधी ठरवा.

संशोधन असेल तर मानोआला तोड नाही. ओआहूच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर भर समुद्रात एक ठरावीक जागा आहे. तिथे मानोआचे संशोधक १९८८ पासून साधारण दर महिन्याला जहाज नेऊन पाण्याचं तापमान, क्षारता, कार्बन मोजतात. इतकी सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण पदवीलाच जायचं असेल तर हिलो बघाच. विद्यापीठ लहान, वर्ग छोटे, प्रवाळ आणि लाव्हाचा किनारा हाताशी. खगोलशास्त्राकडे मन वळलं तर मोठमोठ्या दुर्बिणी असलेला ४,२०० मीटर उंचीचा मौना केआ पर्वत हिलोच्याच बेटावर.

हिलोत पाऊस मात्र रत्नागिरीसारखा, आणि तोही बारमाही! जाहिरातीतलं ऊन तिथे शोधू नका.

खर्चाचं कुणी बोललंच नाही. बहुतेक माल अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, त्यामुळे दूध-भाजीही महाग. होनोलुलूत घरभाडं तर विचारूच नका. हिलोत भाडं त्या मानाने कमी, पण बसच्या फेऱ्या कमी आणि होनोलुलूला जायला फेरीबोट नाही, विमानच. म्हणून फीचे आकडे जुळवण्याआधी वसतिगृहात जागा किती वर्षं मिळेल, ते दोन्हीकडे लेखी विचारून घ्या.