कॅरो-कान: ॲडव्हान्सला ३...सी५ आणि तार्ताकोव्हरमधला ...एच५, रॅपिडसाठी आता काय शिकवावं?

पामबीच६४:
अंडर-१५ च्या चार मुलांना बुद्धिबळात काळ्याकडून कॅरो-कान (१.ई४ ला १...सी६ ने सुरू होणारं ओपनिंग) शिकवायचा आहे. रेटिंग १५०० ते १६५०. वाशी-नेरूळ आणि ठाण्याच्या शनिवार-रविवारच्या रॅपिड स्पर्धा खेळतात, १५ मिनिटं अधिक ५ सेकंद. आत्तापर्यंत जुनीच पद्धत चालू आहे (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग): १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.घोडा सी३ डी×ई४ ४.घोडा×ई४ उंट एफ५, आणि ३.ई५ आला तरी उंट एफ५. पण समोरचे हल्ली बहुतेक वेळा ३.ई५ आणि पाठोपाठ ४.एच४ खेळतात, नाहीतर उंटामागे जी४ लावतात. मुलांची वेळ तिथेच संपते. वरच्या पातळीवर ॲडव्हान्सला, म्हणजे ३.ई५ ला, ३...सी५ आणि घोडा सी३ ला तार्ताकोव्हर (४...घोडा एफ६ ५.घोडा×एफ६+ ई×एफ६) वाढलेलं दिसतंय. या पातळीला दोन्ही बदल एकदम करावेत का? आणि तार्ताकोव्हरमधला तो ...एच५ नेमका कशासाठी?

पारसिक_हिल:
आधी ...एच५, कारण खरी नवी गोष्ट तीच आहे.

३.घोडा सी३ डी×ई४ ४.घोडा×ई४ घोडा एफ६ ५.घोडा×एफ६+ ई×एफ६. कित्येक वर्षं याला "सुरक्षित पण मिळमिळीत" म्हणत, आणि कारण खरं होतं. पांढऱ्याकडे वजिराच्या बाजूला चारास तीन प्यादी. काळ्याचं बहुमत राजाच्या बाजूला, पण त्यात एफ-प्यादी दुहेरी, त्यामुळे त्यातून मोकळं प्यादं (ज्याला समोरची प्यादी अडवू शकत नाहीत असं) निघत नाही. सगळे मोहरे मारले गेले तर उरलेला प्यादी-डाव बहुतेक वेळा पांढराच जिंकतो.

मुख्य ओळ: ६.सी३ उंट डी६ ७.उंट डी३ ०-० ८.वजीर सी२ हत्ती ई८+ ९.घोडा ई२. आता एच७ मार खातंय. पूर्वी इथे ...जी६ किंवा ...एच६ करत. ...जी६ केलं की पांढरा लांब कॅसलिंग करून एच४-एच५ ने फाईल उघडतो. ...एच६ केलं की तेच जी४-जी५ ने. दोन्ही वेळा आपणच त्याला आकडा अडकवायला जागा देतो. गेल्या काही वर्षांत रुळलेली चाल म्हणजे ९...एच५. प्यादं माराबाहेर जातं, पुढे एच४ ला पोचलं की पांढऱ्याच्या घोड्याला जी३ मिळत नाही, आणि १०.०-० एच४ नंतर ...एच३ ची धमकी असल्याने पांढऱ्याला बहुधा ११.एच३ करावंच लागतं. त्याच एच३ वर पुढे ...उंट ई६, ...वजीर डी७ करून उंटाचा बळी देता येतो.

एच७ चं भोक मुलांना भीतिदायक वाटेल. त्याचं उत्तर ...घोडा डी७-एफ८. तो घोडा एच७ आणि जी६ दोन्ही धरतो आणि वेळ आली की ई६ ला येतो. पांढऱ्याने लांब कॅसलिंग केलं तर बी आणि ए प्यादी पुढे, उंट ई६, वजीर ए५. नेम ए२ वर.

शिकवताना फळ्यावर एकच वाक्य लिहा: वजीर बदलायचा नाही. ६.उंट सी४ आलं तर ...उंट डी६ ७.वजीर ई२+ वजीर ई७ करून मोकळं व्हावं.

घणसोली_घोडा:
पारसिक, शेवटचं वाक्य तुमच्याच मुद्द्याच्या उलट जातं. ७.वजीर ई२+ वजीर ई७ ८.वजीर×ई७+ म्हणजे त्याला हवा असलेला शेवटडाव आपण आठव्या चालीला त्याच्या हातात देतो. इथे ७...उंट ई७ हवं. उंट मागे गेल्यासारखा वाटतो, पण ८.घोडा एफ३ ०-० ९.०-० उंट डी६ झालं की वजीर ई२ वर उघडा पडतो. ...हत्ती ई८ ची चाल त्याच्यावर हल्ला करत येते आणि गेलेली चाल परत मिळते.

दुसरं, ...एच५ हा प्रत्येक तार्ताकोव्हरवरचा मंत्र नाही. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर असेल तर सरळ ...उंट डी६, ...०-०, ...हत्ती ई८, ...उंट जी४ पुरेसं आहे. पांढऱ्याचा वजीर सी२ ला, घोडा ई२ ला आणि आपला हत्ती ई८ ला, हे तिन्ही असेल तेव्हाच एच५. मुलं चाल पाठ करतात, स्थिती बघत नाहीत. म्हणून ही तीन घरं पाठ करून घ्या.

उपवन_तळं:
ॲडव्हान्सबद्दल लिहितो. पामबीच, दोन्ही बदल एकदम करू नका. तुमच्या मुलांना रोज भेटते ती चाल ३.ई५, तर तिथूनच सुरुवात.

३...सी५ चं गणित असं. सी-प्यादं दोन चालींत सी५ ला पोचतं, म्हणजे फ्रेंच ॲडव्हान्सपेक्षा (१.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.ई५ सी५) एक चाल मागे. बदल्यात आपला पांढऱ्या घरांचा उंट अजून बंद झालेला नाही. ४.सी३ खेळला तर ...घोडा सी६ ५.घोडा एफ३ उंट जी४, आणि फ्रेंचवाल्यांना जे जन्मभर जमत नाही ते झालं. ४.डी×सी५ घेतलं तर डी४ चा आधार जातो, ई५ एकटं पडतं. ही चाल नवी नाही. १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बोटविनिकने ताल यांच्याविरुद्ध खेळली होती. तेव्हा दुय्यम मानलेली ओळ आज मुख्य झाली आहे.

४.डी×सी५ नंतर दोन वाटा. ४...ई६ ला उंट आत राहतो, पण सापळे कमी. ५.उंट ई३ आलं तर ...घोडा एच६ आणि घोडा एफ५, नेम ई३ च्या उंटावर. सी५ चं प्यादं लगेच परत मिळेल अशी घाई नको. बी४ आलं तर ...ए५, नाहीतर योग्य वेळी ...बी६ ने पाया पोखरायचा.

४...घोडा सी६ ५.घोडा एफ३ उंट जी४ जास्त मोकळं, पण ६.सी३ नंतर एक जागा लाल शाईने लिहा. "घोडा पिन आहे (हलला तर मागचा वजीर जातो), ई५ फुकट" म्हणून ६...घोडा×ई५?? केलं की ७.घोडा×ई५! उंट×डी१ ८.उंट बी५+. शहाच्या आड फक्त वजीर डी७ येऊ शकतो. ९.उंट×डी७+ राजा डी८ १०.राजा×डी१, आणि डी७ चा उंट ई५ च्या घोड्याच्या आधारावर सुरक्षित. पांढरा दोन मोहरे वर. बरोबर चाल ६...ई६, आणि ७.बी४ ला पांढरा ते प्यादं काही काळ धरतो हे मान्य करून खेळायचं. लहान मुलांना हे मान्य करणं जड जातं, म्हणून मी ४...ई६ सुचवेन.

४.घोडा एफ३ मात्र गांभीर्याने घ्या: ...सी×डी४ ५.घोडा×डी४ घोडा सी६ ६.सी४! इथे पांढरा केंद्र फोडून वेगाने खेळतो. एवढ्या एका ओळीसाठी पूर्ण एक तास ठेवा.

पामबीच६४:
छान. म्हणजे ३...सी५ आधी. पण पुढच्याच रविवारी स्पर्धा आहे, तोवर मुलं ३...उंट एफ५ च खेळणार. ४.एच४ ला किमान काय सांगू?

घणसोली_घोडा:
एकच चाल: ४...एच५. सवयीने ४...ई६?? केलं की डाव तिथेच गेला: ५.जी४ उंट ई४ ६.एफ३ उंट जी६ ७.एच५, आणि उंटाला घर नाही. ४...एच५ नंतर ५.उंट डी३ ला मुकाट्याने बदला, ५...उंट×डी३ ६.वजीर×डी३ ई६. ५.उंट जी५ ला ...वजीर बी६, नेम बी२ वर. ६.उंट डी३ उंट×डी३ ७.वजीर×डी३ वजीर ए६ करून वजीर बदलायला मागा. इथे वजीर बदलणं चालतं. तार्ताकोव्हरसारखी दुहेरी प्यादी नाहीत.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा फिल्टर १६००-१८०० आणि प्रकार रॅपिड ठेवून ४.एच४ ची पाटी उघडा. मुलांना खरोखर भेटणाऱ्या चालींची यादी तिथे दिसेल. मास्टर डेटाबेसवरून या पातळीची तयारी करायला गेलं की न येणाऱ्या चालीच पाठ होतात.

पारसिक_हिल:
...उंट ई७ बद्दल घणसोली बरोबर, माझं वाक्य मागे घेतो. आणि ३.घोडा सी३ ला सध्या ४...उंट एफ५ च ठेवलं असेल तर २.घोडा सी३ डी५ ३.घोडा एफ३ डी×ई४ ४.घोडा×ई४ च्या क्रमात तो उंट एफ५ ला नेऊ देऊ नका: ५.घोडा जी३ उंट जी६ ६.एच४ एच६ ७.घोडा ई५ उंट एच७ ८.वजीर एच५ जी६ ९.उंट सी४!, आणि आता जी×एच५ केलं की १०.उंट×एफ७ मात. त्या क्रमाला ३...उंट जी४ ४.एच३ उंट×एफ३ ५.वजीर×एफ३ ई६ एवढंच शिकवा, रविवारपर्यंत तेवढं पुरे.