निंबोळी अर्काने तुडतुडे का हटले नाहीत?

पऱ्हाटीवर (कपाशीवर) निंबोळी अर्क मारूनही तुडतुडे, म्हणजे पानांतला रस शोषणारे छोटे किडे, तसेच राहिले, अशी एका शेतकऱ्याची तक्रार आहे. अर्काला दोष देण्याआधी निंबोळ्या पाहा. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या, चिखलात भिजून काळ्या पडलेल्या निंबोळ्यांना बुरशी लागते, त्यांत दम राहत नाही. पिवळ्या पिकलेल्या गोळा करा, गर धुऊन काढा आणि बिया सावलीत वाळवा. बी फोडून बघा: आतली गिरी हिरवट हवी, तपकिरी निघाली तर टाकून द्या. वर्षभरापूर्वीची तर घेऊच नका.

पाच किलो बियांचा भरडा 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. 200 ग्रॅम साबणचुरा 1 लिटर पाण्यात वेगळा भिजवा. सकाळी भरडा फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबलंच समजा! साबणाचं पाणी मिसळून 10 लिटर भरा. 15 लिटरच्या पंपाला यातला दीड लिटर, बाकी साधं पाणी. हाच 5 टक्के अर्क. उकळू नका, त्याच दिवशी संपवा.

फवारणी संध्याकाळी करा, उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन (किडीवर काम करणारं द्रव्य) लवकर नष्ट होतं. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला बसतात, म्हणून नोझल खालून वर धरा. अर्काने किडे लगेच मरत नाहीत. खाणं मंदावतं, पिल्लांची कात अडते. दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका, चार-पाच दिवसांनी पिल्लं मोजा.

बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत मात्र हा अर्क पोचत नाही. तिच्यावर नजर ठेवायला हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) वेळेत लावा.