मदत हवी आहे: फवारणीचा ड्रोन आणि वावरातल्या तारा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. यंदा काही जणांनी मिळून पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीवर भाड्याच्या ड्रोनने फवारणी करायचं ठरवलंय. 2017 साली जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून पाठीवरचा पंप कोणाला द्यायला जीव धजत नाही. पण तारांची धास्ती आहे.

माझ्या वावरातून 11 केव्हीची लाइन तिरपी गेलीय. धुऱ्यावर (बांधावर) डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तिथून मोटरपंपाची तार बाभळीच्या फांद्यांतून लोंबत विहिरीपर्यंत. खांबाचा ताण, म्हणजे त्याला आधार देणारी जमिनीत रोवलेली तिरपी तार, तर वाढलेल्या तुरीत पार बुडतो.

परदेशात हेलिकॉप्टरने फवारणी करतात, तिथेही तारेला धडकणं हे अपघातांचं मोठं कारण आहे. तार आहे हे ठाऊक असलेले पायलटही धडकतात, कारण लक्ष पिकाकडे आणि वळणाकडे असतं. म्हणून आधी उंचावरून चक्कर मारून, खांबांवरून तारेची दिशा ताडतात. खांब दिसतो, बारीक तार दिसत नाही. ऊन डोळ्यांवर असलं तर मुळीच नाही. ड्रोनचा सेन्सरही ती हमखास पकडेल असं नाही.

उडवण्याआधी नकाशावर अडथळे कोणी आखून घेतलेत का? लाइनपासून किती अंतर सोडता, आणि फवारणीतून सुटलेल्या पिकाच्या तासांचं (ओळींचं) काय करता? ताणाला काय बांधलं तर लांबून दिसतं? फवारणीपुरती लाइन बंद ठेवायला लाइनमनला कसं सांगायचं? ड्रोन तारेत अडकला तर पोरं काठी घेऊन धावतील, याची मला जास्त भीती वाटते. ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.