‘गेमबुक’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा : ज्या विज्ञानसाहसकथेत वाचकालाच नायक केलेले असते आणि ‘यानाचे दार उघडायचे असेल तर अमुक पान, नसेल तर तमुक’ असे पर्याय त्याच्यापुढे ठेवलेले असतात, तिला, म्हणजेच ‘गेमबुक’ला, ‘परस्परसंवादी कादंबरी’ म्हणणे योग्य ठरेल काय? तसेच वाचकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’?

उत्तर : ‘परस्परसंवादी’ मला पटत नाही. संवादात दोन्ही बाजूंनी बोलणे येते. येथे पुस्तक काही ऐकत नाही, वाचक फक्त निवड करतो. ‘खेळपुस्तक’ म्हटले की खेळांच्या नियमांची पुस्तिका आठवते. ‘निवडकथा’ अर्थाने चपखल आहे, पण मुद्रितशोधकाच्या हातून तिची ‘निवडक कथा’ व्हायला वेळ लागणार नाही. ‘फाटेकथा’ हा शब्द रचनेचे नेमके चित्र उभे करतो. मात्र ‘फाटे फोडणे’ आपल्याकडे कौतुकाने म्हटले जात नाही. तरीही मी तोच सुचवेन, कारण किशोरवाचकांना त्यातला खट्याळपणा आवडेल.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. इंग्रजीतील द्वितीय पुरुष वाचक मुलगा आहे की मुलगी हे उघड करत नाही, पण मराठीत ‘तू आत शिरलास’ लिहिताच निम्मे वाचक, म्हणजे मुली, कथेबाहेर जातात. ‘तुम्ही आत शिरलात’ दोघांनाही चालते, पण बारा वर्षांच्या अंतराळवीराला ते परके वाटेल. ‘तू’ ठेवायचे असेल तर सकर्मक भूतकाळ (‘तू दार उघडलेस’), भविष्यकाळ (‘तुला खाली लाल ग्रह दिसेल’) आणि आज्ञार्थ यांवर भिस्त ठेवावी. त्यांत क्रियापद सहसा वाचकाच्या लिंगानुसार बदलत नाही.

पुरवणी : ‘पान’ हा शब्दही जपून वापरावा. १९७९ साली बँटम प्रकाशनाने सुरू केलेल्या ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ मालिकेत वाचकाला पानाचा क्रमांक दिलेला असतो, तर १९८२ पासूनच्या ‘फायटिंग फँटसी’ मालिकेत, जिथे फाशांवर झुंजी ठरतात, क्रमांक मजकुराच्या तुकड्यांना असतात. तिच्या पहिल्या पुस्तकात असे ४०० तुकडे आहेत आणि एका पानावर दोन-तीन तुकडेही मावतात. तेथे ‘पान २१० काढा’ असे भाषांतर केले तर वाचक भलत्याच ठिकाणी पोहोचेल. ‘परिच्छेद २१०’ म्हणावे, तर एका तुकड्यात अनेक परिच्छेद असू शकतात. म्हणून ‘२१० क्रमांकावर जा’ एवढेच लिहावे.